मुहूर्ताचा रुमाल

अकोल्यापर्यंत आगगाडी आली, त्याच्या पुढच्या हंगामात, दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला, माझे मामा दौलतराव यांनी कापसाचा मुहूर्ताचा सौदा स्वतःच्या हाताने केला नाही. खांद्यावरचा रुमाल त्यांनी काढला आणि माझ्या हातात दिला. बाजारात त्या वेळी जे हजर होते, त्या सर्वांनी ते पाहिले.

मामा कापसाचे दलाल होते. शेतकऱ्याचा माल खरेदीदाराला दाखवायचा, दोघांचे भावावर जमवायचे आणि आपली दलाली घ्यायची, असा हा धंदा. मी चांदूर बाजार या गावचा. घरी शेती होती आणि ती करायला दोन थोरले भाऊ होते, म्हणून मिसरूड फुटल्यावर आईने मला अकोल्याला मामांकडे धाडले. ती वर्षे कापसाची होती. अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी न ऐकलेला भाव आला होता. मामांच्या घराला लागून एका विधवा बाईचे घर होते. ती दिवसभर रेच्यावर कापसातली सरकी काढत असे. तो रेचा कुरकुरायला लागला की आमची सकाळ आणि थांबला की संध्याकाळ. अजूनही कुठे तेल न घातलेला दरवाजा कुरकुरला की मला ज्वारीच्या भाकरीचा वास आल्यासारखा वाटतो. मामी भाकरीबरोबर अंबाडीची भाजी करीत, वर कच्च्या तेलाची धार आणि मिरचीचा ठेचा. मामा जेवताना बोलत नसत. बोलणे बाजारात खर्च होते, असे ते म्हणत.

मामांची कामाची एक रीत होती आणि ती त्यांनी मला पहिल्या हंगामातच शिकवली. गाड्या ज्या वाटेने येतील त्या वाटेप्रमाणे ओळीत उभ्या करायच्या. पातूरच्या वाटेच्या एका ओळीत, हिवरखेडच्या वाटेच्या दुसऱ्या. म्हणजे कोणाचा माल कुठे आहे हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. सकाळी फक्त माल पाहायचा, भाव काढायचा नाही. खरेदीदाराशी बोलण्याआधी शेतकऱ्याशी बोलायचे. एक सौदा तुटेपर्यंत किंवा जमेपर्यंत दुसऱ्या सौद्याला हात घालायचा नाही. आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यांत जड जाई : दिवस मावळताना सगळ्या गाड्यांवरून एक फेरी मारायची आणि ज्याचा माल विकला गेला नाही, त्याच्याकडे आधी जायचे.

मी एकदा विचारले, "मामा, ज्याचा इकलाच नाई, त्याले सांगाचं काय?"

"आज नाई, इतकं सांगाचं."

"ते तर त्याले दिसूनच राहिलं."

"त्याले दिसते. पन तू दिसला पायजे ना बे."

त्या तेजीच्या वर्षांत हे कोणी करीत नव्हते. माल उभ्या उभ्या जात होता, नवे नवे दलाल गाडीतळावर पळताना दिसत, एकाच वेळी तिघांशी बोलत आणि संध्याकाळी कोणाला काय कबूल केले ते विसरत. मामा चालत. त्यांना पळताना मी पाहिले नाही.

भाव ठरायचा तो रुमालाखाली. दलाल आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरायचे, वर रुमाल टाकायचे आणि बोटे धरून, दाबून भाव सांगायचे. किती बोटे धरली, कोणत्या पेरावर दाबले, यात सगळा आकडा असे. बाहेर उभ्या असलेल्याला काही कळत नसे. तोंडाने मात्र दोघे भलत्याच गप्पा मारीत, बैलाचा खूर, मुलीचे सासर, विहिरीचे पाणी. तो एक शिष्टाचारच होता. गप्प राहून सौदा करणारा माणूस लोभी समजला जाई.

मामांच्या बोटांचे मला घरात कळले, बाजारात नाही. संक्रांत होऊन गेली होती. मामा चुलीतला निखारा नेहमीप्रमाणे दोन बोटांत उचलून चिलमीवर ठेवत होते. या कामाची त्यांना सवय होती, निखारा क्षणभरच बोटांत राही. त्या दिवशी ते मामींशी काहीतरी बोलत होते आणि निखारा बोटांतच राहिला. आधी वास आला.

"सोडा ना तो," मामी म्हणाल्या.

मामांनी खाली पाहिले आणि निखारा टाकला. बोटाला फोड आला होता. त्यांनी तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा पाहिला. शेजारचा रेचा चालू होता. त्या दिवसापासून मामी भाकर तव्यावरून काढून निववायच्या, तिचे तुकडे करायच्या आणि मगच मामांच्या ताटात ठेवायच्या. आमच्या घरात त्या दुखण्याचे नाव कोणी घेतले नाही. मामांच्या बोटांना नेमके काय झाले होते, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण त्यांना तपासून निदान सांगणारा कोणी भेटलाच नाही. पण लोक कोणते नाव घेतील, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. ते नाव चिकटलेल्या माणसाचा हात रुमालाखाली कोण धरणार? आणि हात धरला नाही तर दलाल कसला?

पुढच्याच बाजाराला मामांनी तीन बोटांना दोन समजून होकार दिला. खरेदीदार रहीमभाई होते, पातूरकडचे, मुंबईच्या व्यापाऱ्यांसाठी माल घेणारे, जुन्या ओळखीचे. त्यांनी नुसते पाहिले आणि पुन्हा बोटे धरली. मामा हसून म्हणाले, "ध्यान नव्हतं, भाई." रहीमभाईही हसले. मी बाजूला उभा होतो; बोटांचा घोळ मामांनी मला घरी आल्यावर सांगितला.

तेव्हापासून रीत मी बसवली. मामांची मूळची रीत तशीच ठेवली आणि तिच्यात त्यांच्या हाताला काम पडणार नाही, अशी दुसरी गुंफली. रहीमभाईंशी आणि बाकीच्यांशी हात मी घालू लागलो. मामा शेजारी उभे राहून बोलत. लोकांना वाटले, भाच्याला शिकवून राहिले आहेत. खरी अडचण मालाच्या पारखीची होती. कापसाचा धागा दोन चिमटींत धरून ओढायचा आणि बोटांना जे लागेल त्यावरून लांबी आणि ताकद सांगायची, हे दलालाचे पहिले काम. मी एक काळी घोंगडी विकत घेतली. कापूस मी ओढायचा आणि धागे घोंगडीवर पसरायचे. काळ्यावर पांढरे, मामांना लांबी डोळ्यांनी दिसे. ते वाकून पाहत आणि निकाल सांगत. महिनाभरात दुसरे दोन दलाल काळ्या घोंगड्या घेऊन फिरू लागले. एकाने मला विचारले की घोंगडी मेंढीच्याच लोकरीची लागते का. मी हो म्हटले.

काम वाढले. ते का वाढले, हे सांगायला हवे. मला एकही गोष्ट ऐनवेळेवर सोडता येत नव्हती. कोणाची गाडी कधी येणार, कोणाला मामांशी हात मिळवायची सवय आहे, कोण पान पुढे करतो, कोण चुन्याची डबी मागतो, हे मला आदल्या दिवशी ठरवून ठेवावे लागे. मामांच्या उजव्या बाजूला नेहमी मी आणि डाव्या हातात नेहमी काठी, म्हणजे दोन्हीकडून कोणी हात धरणार नाही. इतके आधी ठरवलेले असल्यावर सौदे आपोआप वेळेवर होत. बाजारात म्हणू लागले की दौलतरावांचे काम घड्याळासारखे चालते. घड्याळ अकोल्यात तेव्हा फार थोड्यांनी पाहिले होते, स्टेशनावर एक आले होते. मला त्या कौतुकाने आणखी धडकी भरे. लोक कौतुक करतात म्हणजे लोक पाहत आहेत.

उन्हाळ्यात मी मालाची वानगी दाखवायच्या निमित्ताने अमरावतीला गेलो. तिथे एक हकीम आहेत असे मामींनी कोणाकडून तरी ऐकले होते. हकीमसाहेबांनी मला समोर बसवले आणि हात पुढे करायला सांगितले.

"दुखणं मले नाई, घरच्या मानसाले हाये," मी म्हणालो.

"मरीज किधर है?"

"अकोल्याले."

"तो मैं नब्ज किस की देखूँ, बेटा? उस के भानजे की?"

मी भाचा आहे, हे मी सांगितले नव्हते. ते त्यांनी कसे ओळखले, हे मी विचारले नाही. त्यांनी चोळायला एक तेल दिले. मरीज आणल्याशिवाय यापुढे काही देणार नाही, असे सांगितले. तेलाचा वास असा उग्र होता की परतीच्या वाटेवर गाडीवान सारखा मागे वळून पाहत होता. घरी मामींनी ते खोबरेलात मिसळले, तरी वास राहिलाच. गाडीतळावर एकाने नाक मुरडून विचारले, "कायचा वास येऊन राहिला हो, दौलतराव?"

"बैलाच्या खांद्याचं तेल हाये," मामा म्हणाले.

"दलालाच्या घरी बैल कवापासून आला?"

"हा काय," मामांनी माझ्याकडे बोट केले, "चांदूर बाजाराहून आनला."

लोक हसले. मीही हसलो. त्या रात्रीच्या जेवणात मला ठेच्याची चव लागली नाही.

दिवाळी जवळ आली तसा मुहूर्ताचा विचार सुरू झाला. हंगामातला पहिला सौदा बाजारातला सगळ्यांत जुना दलाल स्वतःच्या हाताने करी, सर्वांसमोर. सौदा जमला की तोच दलाल परातीतला गूळ स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाटी. जुने दलाल नारायणबुवा त्या पावसाळ्यात वारले होते. आता मान मामांचा होता. यात माझी रीत चालणार नव्हती. रुमालाखाली भाच्याचा हात चालत नव्हता आणि गुळाला चिमटा नव्हता.

मामी म्हणाल्या, "ताप आला म्हना. घरीच राहा."

"ताप उतरला का मंग काय म्हनू?" मामांनी विचारले.

मी वेगळा बेत केला होता. हळदीत बुडवून वाळवलेली कापडाची एक पट्टी मी तयार ठेवली होती. सकाळी निघताना ती मामांच्या बोटांना गुंडाळायची आणि गाडीच्या दांडीत बोटे चेंगरली, असे सांगायचे. कोणत्या गाडीत, कोणाच्या देखत, कुठे, हेही ठरवले होते. मामांनी ऐकून घेतले. बरे म्हणाले नाहीत आणि नकोही म्हणाले नाहीत. सकाळी पट्टी बांधायला गेलो तर ते धोतराचा काष्टा घालीत होते. "तिथं गेल्यावर पाहू," म्हणाले. पट्टी मी खिशात ठेवली.

मुहूर्ताची गाडी हिवरखेडच्या सखाराम पाटलांची होती. आदल्या वर्षी हंगामाच्या शेवटी भाव एकदम बसला, तेव्हा पाटलांचा माल आमच्याकडे बरेच दिवस उभा राहिला होता आणि अखेर मिळेल त्या भावाने गेला होता. यंदा मुहूर्ताला त्यांनी गाडी आमच्याच ओळीत लावली, याचे मला थोडे नवल वाटले होते. बैलांच्या शिंगांना गेरू लावला होता. खरेदीदार रहीमभाई. बाकीचे दलाल, अडते, शेतकरी, हमाल असे सगळे गोल करून उभे राहिले. गुळाची परात एका गाडीच्या जूवर ठेवली होती, तिच्यावर माशा घोंघावत होत्या. मी मामांच्या उजव्या बाजूला होतो. खिशातली पट्टी मी मुठीत धरली होती आणि मामांच्या तोंडाकडे पाहत होतो.

रहीमभाईंनी हात पुढे केला. मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

"ये क्या, दौलतभाई?" रहीमभाई म्हणाले. "आज मुहूर्त हाये. पोराचा हात काहून?"

"माह्या बोटाईले समजत नाई, भाई. दोन धरली का तीन, मले मालूम पडत नाई."

"कवापासून?"

"मागल्या संक्रांतीपासून."

"मंग सालभर माह्यासंगं सौदे?"

"यानं केले."

मागून कोणीतरी दुखण्याचे नाव घेतले. कोण ते मला दिसले नाही. गोल थोडा मोठा झाला. एका बैलाने मान हलवली आणि त्याच्या गळ्यातली घंटा वाजली, ती सगळ्यांना ऐकू आली. माझ्या हातात रुमाल होता आणि तो कोणाच्या हातावर टाकायचा, हे मला कळत नव्हते. रहीमभाईंचा हात अजून पुढेच होता, पण बोटे मिटलेली होती.

सखाराम पाटील गाडीच्या धुरीवर बसले होते, ते खाली उतरले. ते ठेंगणे होते आणि त्यांचा आवाज मोठा होता. ते रहीमभाईंशी बोलले, मामांशी नाही.

"मागल्या साली माहा माल सडून राहिला व्हता. बाकीचे दलाल मले पाह्यलं का दुसऱ्या गाडीमागं जाये. हा मानूस रोज दिवस मावळता येऊन सांगे, पाटील, आज नाई. रोज. मी त्याले शिव्या देल्या, तरी दुसऱ्या दिवशी हाजर. मले त्याच्या बोटाशी काय करायचं हाये? माल माहा हाये. घाल रे पोरा हात."

मी रुमाल टाकला. रहीमभाईंनी बोटे उघडली. त्यांचा हात थंड होता, की माझा गरम होता. पहिला आकडा त्यांनी दिला, मी वर सरकलो, ते थांबले. कोणीच गप्पा मारीत नव्हते. तेवढ्यात रहीमभाईंना रीत आठवली असावी. माझ्या मधल्या बोटाचे पेर दाबत त्यांनी विचारले, "लग्न जमलं का रे तुझं?"

"जमून राहिलं."

"कुठलं स्थळ?"

"ते मामीले मालूम."

दोन-तीन लोक हसले. सौदा जमला. आकडा मी इथे देत नाही, तो बाजारातही मोठ्याने सांगितला जात नसे. मी तो पाटलांच्या कानात सांगितला आणि त्यांनी मान डोलावली.

राहिला गूळ. मी परात उचलायला पुढे झालो, तेव्हा मामा म्हणाले, "परात माही हाये." त्यांनी ती डाव्या हातावर घेतली आणि उजव्या हाताने खडा उचलून रहीमभाईंपुढे धरला. खडा बोटांत नीट बसला आहे की नाही, हे ते डोळ्यांनी पाहत होते. रहीमभाईंनी तो घेतला आणि आपल्या रुमालाच्या टोकाला बांधला. पुढे त्यांनी तो खाल्ला की नाही, हे मला ठाऊक नाही. सखाराम पाटलांनी तिथेच खाल्ला आणि आणखी एक मागून घेतला. त्यानंतर काहींनी घेतला. काहींनी लांबूनच हात जोडले. काहींना आपले बैल पाहायचे होते. पातूरच्या ओळीतले शेतकरी, जे माझ्या येण्याआधीपासून मामांकडे माल आणत, ते परात त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी गाड्या जुंपू लागले होते.

पुढे बातम्या लिहिण्याच्या कामात माझी हयात गेली. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवायचे, ही त्या कामातली पहिली अट. म्हणून त्या दिवशी कोण काय म्हणाले यापैकी जे मला मागाहून इतरांनी सांगितले, ते मी इथून गाळले आहे. ते बरेच होते आणि एकमेकांशी जुळत नव्हते.

परात मी घरी आणली. मामींनी वरचे फडके काढून पाहिले. उरलेला गूळ त्यांनी दुसऱ्या दिवशी पुरणात घातला. पोळ्या निववून, तुकडे करून त्यांनी मामांच्या ताटात ठेवल्या आणि आम्ही तिघे जेवलो. शेजारणीलाही एक पोळी दिली, तिने ती रेच्यावर बसूनच खाल्ली. जेवण झाल्यावर मामांनी काठी घेतली, मी घोंगडी घेतली आणि आम्ही बाजारात गेलो.

त्या दिवशी आमच्याकडे हिवरखेडच्या सगळ्या गाड्या होत्या. पातूरच्या गाड्या दुसऱ्या दलालाच्या ओळीत लागल्या होत्या. मुंबईहून भाव उतरल्याची तार आली, असे कोणीतरी सांगितले आणि दुपारनंतर खरेदी थंडावली. आमचा माल तोवर गेला होता. दिवस मावळायला लागला, तेव्हा त्या दलालाचा कुठे पत्ता नव्हता आणि पातूरच्या गाड्या न विकता उभ्या होत्या. मामा फेरीला निघाले. आधी ते तिकडे गेले.